पट्टेदार लोकरीचे मोजे : वाचकांचे प्रश्न, उत्तरे

प्रश्न : आपोआप पट्टे पडणाऱ्या लोकरीचे मोजे विणत आहे. घोट्यापर्यंत पट्टे एकसारखे आले; पण टाचेवर एकच रंग पसरला आणि पुढे पट्टे उलट अरुंद झाले. लोकर सदोष आहे का? (पुणे)

उत्तर : लोकरीत काहीच दोष नाही. या लोकरीत प्रत्येक रंगाची लांबी आधीच ठरलेली असते आणि त्या लांबीत आपल्या किती फेऱ्या बसतात, यावर पट्ट्याची रुंदी ठरते. अडीच मिलिमीटरच्या सुयांवर मोज्यांच्या बारीक लोकरीचा एक टाका ढोबळमानाने एक सेंटिमीटर धागा घेतो. त्यामुळे ६४ टाक्यांच्या फेरीला साधारण ६५ सेंटिमीटर धागा लागतो आणि एखादा रंग ४ मीटर असेल, तर त्याच्या सहा फेऱ्या होतात. टाचेची पट्टी मात्र आपण निम्म्याच, म्हणजे ३२ टाक्यांवर, पुढे-मागे विणतो. साहजिकच तेवढ्याच धाग्यात बारा ओळी निघतात. टाच वळवून दोन्ही कडांचे टाके उचलले, की सुयांवर ऐंशीच्या आसपास टाके होतात आणि त्याच रंगाच्या जेमतेम पाच फेऱ्या पडतात.

पट्ट्यांची लय मोडू द्यायची नसेल, तर टाच मागाहून विणावी, असे माझे मत आहे. टाचेच्या जागी निम्मे टाके वेगळ्या रंगाच्या टाकाऊ धाग्याने विणावेत, तेच टाके पुन्हा डाव्या सुईवर घेऊन मूळ लोकरीने विणावेत आणि मोजा बोटांपर्यंत पूर्ण करावा. नंतर टाकाऊ धागा टाक्या-टाक्याने ओढून काढला, की वरचे व खालचे मिळून जवळजवळ ६४ टाके मोकळे होतात. ते गोलात विणत बोटांच्या टोकासारखे कमी करत जावेत. टाचेवर एकात एक रंगीत वलये उमटतात. ज्यांच्या पावलाचा वरचा भाग उंच आहे, त्यांना ही टाच आवळते. त्यांनी टाके कमी करण्याआधी तीन-चार साध्या फेऱ्या जास्त विणाव्यात. एवढा खटाटोप नको असेल, तर टाच सरळ एकरंगी लोकरीने करावी; तीही शोभून दिसते.

प्रश्न : दोन्ही मोजे अगदी जुळणारे कसे करावेत? (टोरांटो)

उत्तर : पहिल्या मोज्याचे टाके घालण्यापूर्वी रंगबदलाची एखादी ठळक जागा निवडावी, तिथूनच सुरुवात करावी आणि दुसऱ्या मोज्यासाठी तीच जागा येईपर्यंत लोकर उलगडून बाजूला ठेवावी. एक मोजा गुंड्याच्या आतल्या टोकाने आणि दुसरा बाहेरच्या टोकाने विणू नये, कारण तसे केल्यास रंगांचा क्रम उलटा येतो. गुंड्यात मध्येच गाठ आली, तर ती तशीच विणून पुढे जाण्याचा मोह टाळावा. गाठीपलीकडचा रंग बहुधा क्रमातला नसतो. तिथे धागा तोडून योग्य रंग सापडेपर्यंत लोकर सोडावी. १०० ग्रॅम लोकर सुमारे ४०० मीटर भरते, त्यामुळे मोठ्यांच्या एका जोडीसाठी एवढी नासधूस सहसा परवडते.

प्रश्न : एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणाऱ्या एकाच गुंड्यातून जोडी होईल का? (नाशिक)

उत्तर : जोडी होईल, पण सारखी होणार नाही. अख्ख्या गुंड्यात रंगछटा एकदाच बदलत असेल, तर एक मोजा निळा आणि दुसरा हिरवा असा प्रकार होतो. (लहान मुलांना तोच जास्त आवडतो, हे वेगळे.) सारखी जोडी हवी असल्यास ५० ग्रॅमचे एकसारखे रंगवलेले दोन गुंडे घ्यावेत, किंवा दोन धागे एकत्र विणून मग रंगवलेली पट्टी मिळाल्यास ती घ्यावी. ती उसवताना दोन्ही धागे एकाच छटेत, बरोबरीने सुटतात. अशा लोकरीचे मोजे बोटांकडून वर विणणे सोयीचे असते, कारण पाऊल पुरे झाल्यावर लोकर संपेपर्यंत घोट्यावरची उंची वाढवता येते.

प्रश्न : स्वेटरची पट्टेदार अॅक्रिलिक लोकर मोज्यांना चालेल का? (बेळगाव)

उत्तर : घरात घालायला चालेल. बुटात मात्र पाय घामेजतात, कारण अॅक्रिलिक ओल शोषत नाही. रोजच्या वापरासाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असलेला धागा घ्यावा. नायलॉनमुळे टाच व बोटे लवकर झिजत नाहीत.