गेटवरच्या रजिस्टरमधली माणसं

"मॅडम, जागा आपल्या कानावर येते तोवर ती भरलेली असते. मग आम्ही अर्ज करतोय तरी कुणाला?"

नोकरी शोधायला मदत हवी म्हणून माझ्याकडे आलेल्या या गृहस्थांना आपण जाधव म्हणू. नाव आणि एक-दोन तपशील मी बदललेत. वय 43, राहायला आकुर्डीत. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात 16 वर्षं क्वालिटीत काढलेली. एक लाइन बंद झाली आणि दिवाळीनंतर ते घरी बसले. पाच महिन्यांत केलेला प्रत्येक अर्ज त्यांनी मुलीच्या जुन्या वहीत नंबर घालून लिहिला होता. शेवटचा नंबर 214. उत्तरं सहा, त्यातली दोन 'आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा' म्हणणाऱ्यांची. (नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवायचा. हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी भरून आलेलं असतं.)

जाधवांची शंका बरीचशी खरी होती. सरकारी कायम भरती सहसा जाहिरातीशिवाय करता येत नाही, तिथे बहुतेकदा अर्ज आणि परीक्षा हाच रस्ता. पण चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्यात काय होतं? कोणीतरी राजीनामा देतो. मालक सुपरवायझरला विचारतो, "ओळखीत आहे का कोणी?" एजन्सीकडून माणूस घ्यायचा तर वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार फी, हा सर्रास चालणारा दर. पोर्टलवर टाकावं तर बायोडेटांचा ढीग येतो आणि तो उपसायला वेगळा एचआर नसतो. कधी कधी तर ज्याच्या जागी माणूस हवाय तो अजून त्याच खुर्चीत बसलेला असतो. जाहिरात देणार कशी?

"म्हणजे वशिलाच की," जाधव म्हणाले. "तो असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मी कोरा कागद पुढे सरकवला. ओळखीच्यांची नावं लिहा म्हटलं. मेहुणा, दोन चुलतभाऊ, यांच्याबरोबरच काम गेलेले सात जण. सगळी जिवाभावाची माणसं, पण जाधवांना जे ठाऊक तेच त्यांनाही ठाऊक. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्याने ही जागा सांगितली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? 1973 च्या त्याच्या लेखातले आकडे असे: ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम 16.7 टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्याकडून कळली होती. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून.

हे सगळं मी जाधवांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या गेटवर रजिस्टर असेल ना? महिनाभरात त्यात कोण कोण सही करायचं?"

ते थांबले, मग भराभरा लिहायला लागले. कॅलिब्रेशन लॅबचा मुलगा, व्हर्नियर-मायक्रोमीटर तपासायला येणारा. इन्सर्ट, म्हणजे मशीनला लागणारी कापायची पाती, विकणारा सेल्समन. हीट ट्रीटमेंटवाल्याचा टेम्पो ड्रायव्हर. प्लेटिंगवाला. खोके पुरवणारा. कस्टमरचा एसक्यूए, म्हणजे पुरवठादारांच्या मालाची क्वालिटी बघणारा साहेब. आयएसओचा ऑडिटर. कागद उलटावा लागला. यातला एकेक माणूस भोसरी, चाकण, तळेगावच्या डझनभर कारखान्यांत आत जाऊन येतो. कुठे नवं मशीन उतरलं, कुठे माल रिजेक्ट होतोय, कुठला इन्स्पेक्टर वैतागलाय, हे त्याला मालकाच्या आधी कळतं.

अडलं ते फोन करण्यावर. जाधवांनी लिहून आणलेला मेसेज होता, 'सर, काही नोकरी असेल तर बघा.' आता तो टेम्पोवाला याला काय उत्तर देणार? त्याच्या हातात नोकरी नाही, मग बिचारा अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळा होतो. आम्ही मेसेज बदलला: 'सध्या मोकळा आहे. क्वालिटीत 16 वर्षं, सीएमएम चालवतो. तुम्ही फिरता तिथे कुठे नवीन मशीन किंवा लाइन लागतेय का, एवढं सांगाल?' याचं उत्तर कुणालाही देता येतं. (सीएमएम म्हणजे सुट्या भागांची मापं अचूक मोजणारं मशीन.)

एक चूक माझी. पहिला फोन कस्टमरच्या एसक्यूएला करा, असं मीच सुचवलं. मोठ्या कंपनीतला माणूस, ओळख दांडगी असणार, असा माझा हिशेब. पण याच साहेबांनी वर्षानुवर्षं यांचे लॉट परत पाठवलेले. "बघू" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि जाधव पुढचे दोन आठवडे माझ्याकडे फिरकले नाहीत. नंतर मलाच फोन करावा लागला.

कॅलिब्रेशनच्या मुलाला मात्र ते लांडेवाडीत चहाच्या टपरीवर गाठून भेटले. तो म्हणाला, "काका, चाकणला एकांनी जुना सीएमएम घेतलाय. महिना झाला, अजून कव्हर घालून ठेवलाय. चालवणारा येतो म्हणाला होता, आलाच नाही."

जाधव दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर. मालकाने बायोडेटा टेबलावर उलटा ठेवला, एक हाउसिंग, म्हणजे सुट्या भागाचं बाहेरचं कवच, हातात दिलं आणि म्हणाला, "हे मोजून दाखवा." दीड तास लागला, कारण प्रोब, म्हणजे मशीनची मापं घेणारी दांडी, आधी क्वालिफाय करावा, म्हणजे तपासून जुळवून घ्यावा लागला. दोन बोअरमधलं, म्हणजे भोकांमधलं, अंतर ड्रॉइंगपेक्षा जास्त निघालं आणि तो लॉट त्याच संध्याकाळी जायचा होता. पगार आधीपेक्षा साडेतीन हजारांनी कमी, दोन महिने ट्रायल. घेतली त्यांनी.

वशिल्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

परवा त्यांचा फोन आला. मागे ग्राइंडरचा आवाज, त्यामुळे ओरडूनच बोलत होते. "मॅडम, आमच्या मालकांना बाहेरून येणारा इनकमिंग माल तपासायला एक पोरगा पाहिजे. कुठे टाकलेलं नाही अजून. तुमच्याकडे येणाऱ्यांत आहे का कोणी?"