कामात जीव आहे का, हे मोजायचं कसं?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, माणसं ६४. एम्प्लॉयी एंगेजमेंटचा, म्हणजे माणसं कामात मनापासून आहेत का याचा, सर्व्हे घेतला, तर जवळजवळ सगळ्यांनी ५ पैकी ५ दिले. तरी रिजेक्शन (नापास होणारे नग) हटत नाही, माणसं टिकत नाहीत.

फॉर्म सुपरवायझरनं वाटले, त्यानंच गोळा केले आणि वर टोकन नंबर होता, असं झालं असेल तर ५ च मिळणार. कामगारानं तुम्हाला उत्तर दिलेलं नाही, सुपरवायझरला दिलंय.

पुन्हा घ्या. कागदावर नाव-नंबर नको, फक्त विभाग. त्यातही १० पेक्षा कमी माणसांचा विभाग दुसऱ्यात मिसळा. कोअर शॉपमध्ये चौघंच असतील तर अक्षरावरून माणूस ओळखू येतो. पेटी कुलूपबंद ठेवा आणि मोजणी कारखान्याबाहेरच्या माणसाकडे द्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना प्रश्न वाचून दाखवायलाही बाहेरचाच माणूस हवा. पाळीच्या वेळेतली १५ मिनिटं द्या. सुटताना कागद हातात दिलात, तर घरी जायच्या घाईत सगळीकडे एकसारख्या खुणा होतात. कंत्राटी माणसं वगळू नका. फेटलिंग (ओतलेले नग साफ करणं) त्यांच्यावर चालत असेल, तर त्यांना वगळून काढलेला आकडा अर्ध्याच कारखान्याचा.

प्रश्न ८ ते १० पुरेत. ‘संस्थेच्या ध्येयाशी एकरूप आहात का’ असले नकोत. गॅलप या सर्व्हे कंपनीच्या प्रसिद्ध १२ प्रश्नांची सुरुवातसुद्धा साध्या गोष्टींनी होते : माझ्याकडून काय अपेक्षा आहे ते ठाऊक आहे का, कामाचं साहित्य मिळतं का. तेच आपल्या भाषेत विचारा. आज कुठला जॉब आणि किती नग, हे पाळी सुरू होताना कळतं का? हातमोजे, मास्क, ग्राइंडिंग व्हील मागितल्यावर त्याच पाळीत मिळतं का? वाळूत ओल जास्त आहे असं सांगितलं, तर कुणी ऐकून घेतं का? गेल्या ८ दिवसांत चांगल्या कामाबद्दल कुणी शब्दानं तरी बोललं का? यातल्या वाळूच्या प्रश्नाचा तुमच्या रिजेक्शनशी थेट संबंध आहे. सांगूनही कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस तोच साचा मुकाट्यानं ओतू देतो, आणि ब्लो होल (नगातल्या वायूच्या पोकळ्या) मशीन शॉपमध्ये गेल्यावर दिसतात.

दिवाळीच्या बोनसच्या तोंडावर किंवा पगारवाढीची बोलणी चालू असताना सर्व्हे घेऊ नका. तेव्हा प्रत्येक उत्तर पगाराचंच असतं. निकाल १५ दिवसांत बोर्डावर लावा, वाईट गुणांसकट. दोन गोष्टी निवडून महिन्यात करून दाखवा. जे जमणार नाही, ते का जमणार नाही हेही लिहा. विचारून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी तुम्हाला पुन्हा ५ च मिळतील.

प्रश्न : राजारामपुरीत आमची २० जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. आमचा ई-एनपीएस (कर्मचारी कंपनीची शिफारस करतील का, याचा आकडा) एका तिमाहीत २५ वरून १५ वर आला. कारण काय असेल?

आधी गणित बघा. ‘इथं काम करायला या, असं मित्राला सांगाल का?’ यावर ० ते १० गुण. ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. ७-८ वाले फक्त एकूण संख्येत धरायचे. तुमच्याकडे ८ जण वरचे आणि ५ खालचे असतील, तर ४० वजा २५, म्हणजे १५. त्याआधी ९ आणि ४ असतील, तर ४५ वजा २०, म्हणजे २५. एक माणूस वरच्यांतून खालच्यांत गेला की १० गुण पडतात. एवढ्या छोट्या ऑफिसात हा आकडा कुणाला दाखवूही नका. त्याऐवजी प्रत्येकाशी तिमाहीत एकदा अर्धा तास बोला : कुठल्या कामात वेळ फुकट जातो, आणि सोडून जावंसं शेवटचं कधी वाटलं?

प्रश्न : कागल पंचतारांकित एमआयडीसीत एचआर बघतो. आयटीआय झालेली मुलं ३ महिन्यांत सोडतात. वार्षिक गळती मात्र फार दिसत नाही.

जुनी माणसं हलत नाहीत, म्हणून एकूण आकडा बरा दिसतो. नवी भरती वेगळी मोजा. ४० घेतले आणि ९० दिवसांत १४ गेले, तर ती गळती ३५ टक्के. मग त्या १४ जणांची सुपरवायझरनुसार आणि पाळीनुसार यादी करा. गळती कुठं साचलीय ते तिथंच दिसेल.

मुलाखतीत सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) सांगायचं आणि पहिल्या दिवशी डिबरिंगला (नगाच्या कडा घासायला) उभं करायचं, हे नेहमीचं कारण. कुठलं काम, किती महिने, मशिनवर कधी, हे भरतीच्या वेळीच लिहून द्या आणि पाळा. पहिले ३० दिवस एक जुना ऑपरेटर सोबत नेमा आणि त्या दिवसांत त्याचं टार्गेट थोडं कमी करा, नाहीतर पोरगं त्याला ओझं वाटतं. ७ व्या, ३० व्या आणि ६० व्या दिवशी तुम्ही स्वतः १० मिनिटं बोला. सोडतानाच्या फॉर्मवर ‘घरगुती कारण’ असतं. खरं कारण ७ व्या दिवशी कळतं.

प्रश्न : जुलैत भाताच्या रोप लावणीला आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गैरहजेरी वाढते. हे एंगेजमेंट कमी असल्याचं लक्षण मानायचं का?

नाही. जुलै जुलैशी ताडून बघा, मेशी नको. यात्रा मात्र तिथीनं येते, म्हणून यात्रेचा आठवडा यात्रेच्याच आठवड्याशी ताडा. लावणीच्या रजांची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. वेगळे मोजायचे ते न कळवता झालेले खाडे, तेही पाळीवार. ते एकाच पाळीत वाढत असतील, तर आधी त्या पाळीच्या सुपरवायझरशी बोला.