रशियन लेखक चेखॉव्हची 'कॅमेलिऑन' (म्हणजे रंग बदलणारा सरडा) ही कथा पहिल्यांदा वाचताय ना? मग ओव्हरकोटावर नजर ठेवा

१८८४ सालची ही कथा जेमतेम तीन-चार पानांची आहे, म्हणून घाईने उरकू नका. सोनार ख्र्यूकिनच्या बोटाला कुत्र्याचं पिल्लू चावलंय आणि पोलिस अधिकारी अचुमेलॉव्ह भर बाजारात न्याय करायला उभा आहे. कुत्रं जनरलसाहेबांचं असल्याचं कुणीतरी म्हणतं, तसा त्याला एकदम उकडायला लागतं, कोट उतरतो. नाही म्हटलं की कुत्रं लगेच भिकारडं. पुन्हा जनरलचं नाव निघालं की थंडी वाजते, कोट अंगावर चढतो.

तो नुसता लाचार आहे असं म्हणून मोकळे होऊ नका. प्रत्येक पलटीला त्याच्याकडे कारण तयार असतं: एवढंसं पिल्लू तुझ्या बोटापर्यंत पोचेल कसं, खिळा लागला असेल! मला तर वाटतं, बोलताना त्याला ते खरंच पटत असतं. दुसऱ्या वाचनात फक्त ही कारणं वाचा.

आणि गर्दीला विसरू नका. शेवटी ती ख्र्यूकिनलाच हसते. माझ्या मते कथेतली सगळ्यात जिव्हारी लागणारी जागा तीच.