काळ्या गाडीवरची जाळी कोणत्या दिव्यात दिसते?

प्रश्न : माझी काळी सेडान आहे. सांगलीत पॉलिश करून घेतली. शेडमध्ये लखलखीत होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात बॉनेटवर बारीक ओरखड्यांची गोलगोल जाळी दिसली. घरी तपासायला जास्त वॉटचा हॅलोजन घेऊ का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : वॉटच्या मागे लागू नका. हॅलोजन तर नकोच, तो फार तापतो. एकाच एलईडीची, प्रकाश कमी-जास्त करता येणारी टॉर्च घ्या. खोक्यावर सीआरआय (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त 100) 90 च्या वर आहे ना, तेवढं पाहा.

शेडमध्ये जाळी दिसली नाही, कारण वर ट्यूबा होत्या. लांब-रुंद दिव्याचा उजेड चहूबाजूंनी येतो आणि ओरखड्याची बारीक चमक त्यात बुडून जाते. ऊन एकाच बाजूने येतं, म्हणून ते काहीच लपवत नाही. टॉर्चचंही तसंच. कुपवाडच्या माझ्या शेडमध्ये तपासणीच्या वेळी मी शटर ओढून सगळ्या ट्यूबा बंद करतो. टॉर्च तिरपी धरून हळूहळू फिरवायची आणि नजर दिव्याच्या प्रतिबिंबाच्या कडेला ठेवायची. दिवा हलवला की जाळीचा गोलही सरकतो. ओरखडे मुळात गोल नसतातच; सगळ्या दिशांना गेलेल्या रेघांपैकी प्रतिबिंबाभोवती आडव्या येतात तेवढ्याच चमकतात. उन्हात लांब पट्टे सरकताना दिसले, तर ती बफिंग मशीनची, म्हणजे पॉलिश घासणाऱ्या फिरत्या यंत्राची खूण.

पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर मात्र प्रखर पांढरा उजेड डोळे दिपवतो. तिथे 4000 केल्विनच्या आसपासचा, म्हणजे जरा पिवळसर छटेचा, मंद केलेला दिवा बरा.

ट्यूब टाकाऊ नाही हं. पत्रा दबलाय का, हे तीच सांगते: तिची रेघ दारावर वाकडी झाली की तिथे लहर आहे.

आणखी एक. पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते भरून टाकतं. म्हणून पैसे देण्याआधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने वीतभर जागा मायक्रोफायबरने पुसून घ्या, मग टॉर्च मारा. चांगला कारागीर याला कधीच नाही म्हणणार नाही.

दिसली रेघ की बफिंग, असं मात्र करू नका. कंपनीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉन असतो आणि प्रत्येक बफिंगला तो झिजतो. नखाला अडकणारी रेघ तर पेंटरलाच दाखवा.