आकड्यासोबत वेळ टाक

व्हॉट्सअ‍ॅपवर गावच्या बातम्या द्यायला लागलास, फार बरं वाटलं. पावसाळ्यात सांगलीकर एकच विचारतात: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती? 40 फूट इशारा पातळी, 45 धोक्याची. पण वेळ लिहिल्याशिवाय आकडा सोडू नकोस. पहाटेचा आकडा दुपारपर्यंत फिरत राहतो, माणसं घाबरून गुरं सोडतात. 2019 च्या पुराचा व्हिडिओ कुणी ‘आत्ताचा’ म्हणून पाठवला, तर आधी फोन लाव, स्वतः काढलास का विचार. मी एकदा न विचारता पुढे ढकलला. गावभागातल्या एका आजींनी रात्रीत एकटीनं धान्याची पोती माडीवर चढवली. ते अजून मनाला लागतं. आणि कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग नुसता क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) देऊ नकोस, ते पाणी इथं पोचायला वेळ लागतो हेही लिही.