मॅडम, ही सारखी असलीच पुस्तकं वाचते

मी सांगलीत समुपदेशक आहे. पिशवी उघडून आईनं पुस्तकं एकेक करून माझ्या टेबलावर लावली, पंचनाम्याला मुद्देमाल मांडावा तशी. पाच होती. "तुम्हीच बघा मॅडम. एकात तरी कुणी हसतंय का? कव्हरवर बघावं तर आग, नाहीतर ओसाड शहर." मुलगी शेजारच्या खुर्चीत खिडकीबाहेर बघत बसली होती. वय पंधरा, दहावी. तिला आपण मुग्धा म्हणू. नाव आणि घरचे तपशील मी बदललेत. पूर बदललेला नाही.

आईची तक्रार थोडक्यात अशी : पोरगी दीड-दोन वर्षांपासून 'डिस्टोपियन' का काय म्हणतात तेच वाचते. म्हणजे उद्याचं असं जग, जिथं सरकार माणसाच्या मानगुटीवर बसलंय, घराघरात पाळत आहे, नाहीतर सगळं बुडून किंवा जळून गेलंय आणि उरलेली माणसं कशीबशी जगतायत. गोष्टी वाच म्हटलं की हेच काढून बसते. रात्री उशिरापर्यंत जागते. पावसाळ्यात तर फारच गप्प होते. "असलं वाचून डोक्यावर परिणाम होतो का हो?" हा प्रश्न घेऊन येणारे पालक हल्ली बरेच असतात. पूर्वी रहस्यकथांबद्दल हेच विचारायचे.

माझी पहिली चूक इथंच सांगून टाकते. मला स्वतःला ही पुस्तकं झेपत नाहीत. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून घरी गेल्यावर मला विनोदी काहीतरी लागतं. त्यामुळे पहिल्या भेटीत मी मुग्धाला म्हटलं, "अधूनमधून हलकंफुलकं वाचून बघायचं का?" ती "हो मॅडम" म्हणाली. ज्या सुरात पोरं शाळेत "हो मॅडम" म्हणतात, त्याच सुरात. त्यानंतर पाऊण तास मला एकही पूर्ण वाक्य मिळालं नाही.

दुसऱ्या भेटीला मी शहाणी झाले आणि नुसतं विचारलं, "यातलं कुठलं आधी वाचू?"

तिनं 'हंगर गेम्स' पुढे सरकवलं. सुझान कॉलिन्सचं, 2008 सालचं. बारा जिल्ह्यांतून दरवर्षी एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची आणि एकमेकांना मारायला मैदानात सोडायची, असं राज्य. मी म्हटलं, "भयंकर आहे की गं." ती म्हणाली, "भयंकर आहे. पण नियम आधी सांगतात."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, तेव्हा ते का महत्त्वाचं वाटलं हे मला सांगता आलं नसतं.

मग तिनं आपली वाचायची पद्धत सांगितली. ती शेवटचं पान आधी वाचते. ऑर्वेलचं '1984' (हे 1949 साली आलेलं, घराघरात पाळत ठेवणाऱ्या राज्याचं) तिनं असंच मागून उघडलं, तर तिथं गोष्टच नव्हती. त्या राज्यातल्या भाषेबद्दलचं एक परिशिष्ट होतं. कंटाळून ती पुढं गेली, पुस्तक संपवलं, नायकाचं काय झालं ते वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आणि मग ती परत त्या परिशिष्टाकडे आली. "मॅडम, ते सगळं भूतकाळात लिहिलंय. ती भाषा अशी होती, तशी होती. म्हणजे नंतर कुणीतरी बसून हे शांतपणे लिहिलं ना? मग ते राज्य संपलं असणार." अशाच कादंबऱ्या लिहिणाऱ्या कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवुड यांनीही त्या परिशिष्टाचा हाच अर्थ लावलाय, हे मला ठाऊक होतं. मुग्धाला नव्हतं. तिनं तो एकटीनं शोधला होता, आणि सांगताना पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

जी मुलगी शेवट आधी बघून घेते, तिला शेवट माहीत नसण्याची भीती कुठून आली असेल? मी विचारलं, "असं कधी झालं होतं का, की पुढं काय होणार हे कुणीच सांगत नव्हतं?"

सांगलीत हा प्रश्न विचारल्यावर फार वेळ थांबावं लागत नाही.

ऑगस्ट 2019. ती चौथीत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारायच्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं यावर पैजा लागल्यासारखी चर्चा चालते. मुग्धाचं घर जुन्या वस्तीत, नदीपासून जवळ. पाणी वाढायला लागलं तेव्हा पप्पा म्हणाले, "2005 ला आपल्या दुसऱ्या पायरीपर्यंतच आलं होतं. त्याच्यावर येत नाही." असं त्या आठवड्यात गावातल्या कितीतरी घरांतून म्हटलं गेलं. 2005 च्या पुराची खूण हीच नदीची लक्ष्मणरेषा, असं सगळे धरून चालले होते. यावेळी आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

रात्री बोटीतून त्यांना काढलं. आई सारखी म्हणत होती, "काही नाही होत, दोन दिवसांत परत येऊ." परतले तेव्हा बारा दिवस झाले होते. मुग्धाला चिखल आठवत नाही, वास आठवत नाही. तिला आठवतो तो फ्रिज. तरंगत तरंगत जाऊन तो आजीच्या पलंगावर उताणा पडला होता, दार उघडं, आत कोथिंबिरीची जुडी. "मला वाटलं फ्रिज झोपलाय," ती म्हणाली आणि हसली. मग हसू थांबलं.

त्या पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकंही भिजून गेली. मुग्धाच्या आजोबांचं कपाटही गेलं. ही घरं पुस्तकांची कदर असलेली आहेत, एवढ्याचसाठी सांगितलं. आईचा राग वाचण्यावर नव्हताच.

तिसऱ्या भेटीत मुग्धानं तिचं एक पुस्तक मला चाळायला दिलं. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. मला वाटलं, आवडलेली वाक्यं असतील. तसं नव्हतं. पात्रं जिथं जिथं घर सोडतात, तिथं ती काय बरोबर घेतात त्यावर खुणा होत्या. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात यादी : टॉर्च, सेल, सगळ्यांची आधारकार्डं प्लॅस्टिकमध्ये, आजीच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, शिट्टी, चष्मा (जुना पण), कोरडी सॉक्स.

आई बाहेर बसली होती. मी मुग्धाला विचारलं, यादी आईला दाखवू का? तिनं बराच वेळ विचार करून होकाराची मान हलवली.

आईनं यादी वाचली, पुन्हा वाचली आणि गोळ्यांपाशी थांबली. 2019 ला सासूबाईंच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या, आणि त्यावरून बोटीत नवरा-बायकोत जे झालं होतं ते मुलीनं ऐकलं असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येते. पुस्तकांचा परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. 2018 साली कॅल्व्हर्ट जोन्स आणि सेलिया पॅरिस या दोन अभ्यासकांनी अमेरिकेत प्रयोग करून दाखवलं, की अशा कथा वाचल्या-पाहिल्यावर लोक जुलमी सत्तेविरुद्धची टोकाची, अगदी हिंसकसुद्धा, कृती समर्थनीय मानायला जास्त तयार होतात. म्हणजे कथा डोक्यात काहीतरी हलवते. दुसरीकडे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की भयपटांचे शौकीन कोविडच्या सुरुवातीच्या काळात तुलनेनं कमी खचले, आणि जगबुडीचे सिनेमे बघणारे जास्त तयारीत होते. त्यात एकामुळे दुसरं झालं असं सिद्ध होत नाही. कदाचित मुळात घट्ट मनाची माणसंच तसं बघत असतील. पण भीतीची रंगीत तालीम करून ठेवणं ही माणसाची जुनी खोड आहे. आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानकाला रसांच्या पंगतीत बसवलंय, ते काही उगाच नाही. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेत सत्ता बदलली, सरकारी सत्य-असत्यावरून गदारोळ उठला, आणि लोकांनी जाऊन काय विकत घेतलं? तेच सत्तर वर्षांपूर्वीचं '1984'. ॲमेझॉनच्या यादीत ते पहिल्या नंबरावर पोचलं. घाबरलेल्या माणसाला 'काही नाही होत' नको असतं. काय होऊ शकतं, ते कुणीतरी नीट सांगावं, असं त्याला वाटतं.

मुग्धाच्या बाबतीत मी पुस्तकांना हात लावला नाही. लक्ष घातलं ते झोपेत. ती पावसाळ्यात रात्री दोन-तीनदा उठून मोबाईलवर आयर्विनची पातळी बघायची, हे आईला माहीत नव्हतं. आई धरून बसली होती की पोरगी पुस्तक वाचत जागते. मैत्रिणी सुटल्या होत्या का? नाही. जेवण? ठीक. जगण्यात अर्थ नाही, मरून जावं, असं काही मनात येतं का, हे मी तिला सरळ शब्दांत विचारलं. ते विचारायला पालकांनीही घाबरू नये, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. उत्तर 'हो' असतं, किंवा तिनं खाणं-बोलणं टाकलं असतं, तर मी त्याच दिवशी मिरजेतल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, मग ती चांदोबा वाचणारी असती तरी.

पुढच्या भेटींना पप्पाही आले. आधी हाताची घडी घालून. "दुसऱ्या पायरीचं मीच म्हणालो होतो," एवढं त्यांनी कबूल केलं तेव्हा मुग्धानं त्यांच्याकडे असं काही बघितलं, की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. त्या दिवशी तिघांनी मिळून यादीखाली आणखी दोन ओळी लिहिल्या. आयर्विन 40 : आजी विश्रामबागला मावशीकडे. 43 : आपण सगळे. कुणी 2005 चं नाव काढायचं नाही. ही शेवटची अट मुग्धाची. आणि पातळी बघायची ती रात्री नऊला, पप्पांनी, मोठ्यानं वाचून. मोबाईल नंतर हॉलमध्ये. पहिला आठवडा तिनं ते पाळलं नाही, दुसऱ्यात निम्मं पाळलं.

पुस्तकं चालू आहेत. पाचाची सात झाली. मी 'हंगर गेम्स' निम्म्यावर सोडलं, तिला तसं सांगितलंही. "झेपत नाही ना?" ती जरा दयेनंच म्हणाली.

जुलैच्या शेवटी चार दिवस घाटावर धो धो पाऊस होता. रात्री साडेअकराला तिच्या आईचा फोन आला. आवाज दबका. मी घाबरून उठून बसले.

"मॅडम, सॉरी हं इतक्या उशिरा. ती झोपलीय. दहालाच झोपली." थोडं थांबल्या. "मीच बघत बसलेय मगासपासून. छत्तीस झालंय."

"साडेछत्तीस," मी म्हटलं. "अकराचं."