वाचकांचे प्रश्न : घरचा व्यायाम आणि नाडीचे ठोके

घरच्या घरी नियमित व्यायाम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक चिंता वारंवार दिसते. मनगटावरच्या घड्याळात दिवसभर हृदयगतीचे आकडे उमटत असतात. पण त्यांतला कोणता आकडा प्रगतीचा, कोणता काळजीचा आणि कोणता सोडून देण्याजोगा, हे कळत नाही. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. गेले तीन महिने आठवड्यातून पाच दिवस मी अर्धा तास जागच्या जागी जलद चालणे, पायरीवर चढ-उतर आणि बैठका असा व्यायाम घरीच करते. वजन जवळपास तेवढेच आहे. सुरुवातीला बसल्या जागी नाडी मोजली की ८० भरत असे, आता ७३-७४ भरते. याला प्रगती म्हणावी का? की वजन उतरले नाही म्हणजे सगळी मेहनत वाया गेली?

उत्तर : मेहनत मुळीच वाया गेलेली नाही. वजनाचा संबंध व्यायामापेक्षा आहाराशी अधिक असतो, आणि हृदयाची वाढलेली क्षमता वजनकाट्यावर दिसत नाही. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्ताचा पुरवठा लागतो. हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलत असेल, तर त्यासाठी सुमारे ७२ ठोके द्यावे लागतात. काही आठवडे सातत्याने दम लागेल असा व्यायाम केला की रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाचा डावा कप्पा दोन ठोक्यांच्या मध्ये अधिक भरतो आणि अधिक पूर्णपणे रिता होतो. एका ठोक्यातले रक्त ८० मिलिलिटरपर्यंत गेले, तर तेच पाच लिटरचे काम ६३ ठोक्यांत भागते. विश्रांतीच्या वेळची नाडी उतरते ती मुख्यतः यामुळे, आणि हृदयाला संथ ठेवणाऱ्या मज्जातंतूंचा प्रभाव वाढल्यामुळेही.

मात्र सहा-सात ठोक्यांचा फरक निव्वळ मोजण्याच्या पद्धतीनेही पडू शकतो, म्हणून तो पक्का करून घ्यावा. बसून, उभ्याने आणि पडून मोजलेली नाडी वेगवेगळी भरते; चहा किंवा कॉफीनंतर, जेवणानंतर किंवा जिना चढून आल्यावर मोजलेली तर तुलनेला निरुपयोगीच. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, तर्जनी आणि मधले बोट मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली हलकेच टेकवावे आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्याला स्वतःचे स्पंदन जाणवते आणि मोजणी चुकते. एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवसाशी ताडून पाहू नये. आठवड्याची सरासरी काढून ती मागच्या महिन्यातल्या आठवड्याशी ताडावी.

विश्रांतीच्या नाडीपेक्षाही मला अधिक विश्वासाची वाटते ती ठरलेल्या कामानंतरची नाडी. पायरीवरची चढ-उतर आपण करताच, तेव्हा तिचीच चाचणी करता येईल. सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची भक्कम पायरी घ्यावी. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक आवाज करणारे अ‍ॅप, लावून त्याचे ठोके मिनिटाला ९६ ठेवावेत आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, म्हणजे चढ, चढ, उतर, उतर अशा क्रमाने मिनिटाला २४ फेऱ्या, या गतीने बरोबर तीन मिनिटे चालू ठेवावे. थांबताच खुर्चीवर बसून लगेच १५ सेकंद ठोके मोजावेत व चारने गुणावे. थांबल्यापासून एक मिनिट झाल्यावर पुन्हा तसेच मोजावे. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. समजा, पहिल्या वेळी १२८ आणि १०४ आले आणि दोन महिन्यांनी त्याच पायरीवर, त्याच गतीने, दिवसाच्या त्याच वेळी ११६ आणि ८८ आले, तर तेवढेच काम आपले हृदय आता कमी कष्टात करते आणि काम संपल्यावर लवकर शांत होते, हे निर्विवाद आहे. चार आठवड्यांतून एकदा ही चाचणी पुरे. गुडघे दुखत असतील तर पायरीऐवजी ठरावीक गतीने जागच्या जागी चालण्याचा वापर करावा. काम दर वेळी तेच असणे महत्त्वाचे, ते कोणते हे गौण.

पहिल्या मिनिटात नाडी १२ ठोक्यांहून अधिक उतरली नाही तर धोका, असे आपल्या वाचनात कदाचित येईल. तो आकडा १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून आला आहे. पण त्यात माणसांना वैद्यकीय देखरेखीखाली ट्रेडमिलवर थकेपर्यंत चालवले होते आणि नंतर लगेच न बसवता हळूहळू चालत ठेवले होते. घरच्या सौम्य चाचणीला आणि बसून मोजलेल्या नाडीला तो निकष जसाच्या तसा लावता येत नाही. आपली तुलना आपल्याच मागच्या आकड्याशी करावी.

राहिल्या बैठका. स्नायूंच्या बळाची वाढ नाडीत शोधू नये. एका दमात किती बैठका नीट होतात, याचीच नोंद ठेवावी.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून दोरीवरच्या उड्या मारतो. २२० मधून वय वजा केल्यास माझी कमाल हृदयगती १६२ येते. परवा घड्याळात १६८ दिसले आणि मी घाबरून थांबलो. त्रास मात्र काहीच नव्हता. कमाल मर्यादेच्या वर जाणे धोकादायक नाही का?

उत्तर : ओलांडता येते ती कमाल मर्यादा नव्हेच. आपल्या हृदयाची खरी कमाल गती १६२ असती, तर १६८ हा आकडा आपण गाठूच शकला नसता. म्हणजे एक तर घड्याळ चुकले आहे, किंवा सूत्र आपल्याला लागू पडत नाही. घड्याळाबद्दल पुढच्या उत्तरात सांगतो, येथे सूत्राबद्दल.

२२० वजा वय हे सूत्र १९७१ साली सॅम्युअल फॉक्स, विल्यम हॅस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या लेखातून प्रसिद्धीस आले. त्यासाठी स्वतंत्र प्रयोग झालेला नव्हता. निरनिराळ्या अभ्यासांत आधीच जमलेल्या आकड्यांमधून काढलेली ती एक स्थूल रेषा होती. सोपे असल्यामुळे ते व्यायामयंत्रांवर, तक्त्यांवर आणि पुढे घड्याळांत जाऊन बसले आणि सरासरीचा अंदाज माणसामाणसाची मर्यादा म्हणून वापरला जाऊ लागला. एकाच वयाच्या निरोगी माणसांची कमाल गती या अंदाजाच्या १० ते १२ ठोके वर किंवा खाली असणे अगदी सामान्य आहे आणि काहींत हा फरक त्याहूनही मोठा असतो. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेले सूत्र असे आहे : वयाला ०.७ ने गुणावे आणि तो गुणाकार २०८ मधून वजा करावा. आपल्या वयाला ते सुमारे १६७ येते. तेही सरासरीच आहे, पण उतारवयातल्या माणसांसाठी अधिक जवळचे आहे.

रोजच्या उपयोगासाठी फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरावी, कारण तीत आपली स्वतःची विश्रांतीची नाडी धरली जाते. ती आपण कळवलेली नाही. ६६ आहे असे समजू. १६७ मधून ६६ वजा केले की १०१ ठोक्यांची राखीव जागा उरते. तिचे ४० टक्के म्हणजे सुमारे ४०, त्यांत ६६ मिळवले की १०६. ६० टक्के म्हणजे सुमारे ६१, त्यांत ६६ मिळवले की १२७. या दोन आकड्यांच्या मधला व्यायाम मध्यम आणि १२७ च्या वरचा जोरकस समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. दोरीवरच्या उड्या दुसऱ्या प्रकारात मोडतात, त्यामुळे त्या थोड्याच वेळात बरेच काम साधतात.

आकड्यांची पडताळणी आवाजावरून करावी. मध्यम व्यायामात माणूस बोलू शकतो पण गाऊ शकत नाही. जोरकस व्यायामात चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी कळ, भोवळ, ठोके चुकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास घड्याळात १२० असले तरी लगेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. पन्नाशीनंतर जोरकस व्यायाम नव्याने सुरू केला असेल आणि तपासणी झालेली नसेल, तर ती आता करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : माझे घड्याळ सावकाश व्यायाम करतानाही कधी एकदम १७० दाखवते, तर जोर काढताना ९५ वरच अडकते. शिवाय त्यात दिसणाऱ्या खर्च झालेल्या कॅलरींवर किती विसंबावे?

उत्तर : मनगटावरचे घड्याळ ठोके थेट मोजत नाही. त्याच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त वाढले की अधिक शोषला जातो, आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढ-उतारावरून घड्याळ गती ठरवते. हात लयीत हलत असेल, तर घड्याळ त्या हालचालीलाच ठोका समजते. जागच्या जागी धावताना मिनिटाला १७० पावले पडत असतील आणि हृदयगतीही तेवढीच दिसत असेल, तर आधी शंका यावी ती याची. जोर काढताना मनगट मागे दुमडते, पट्टा सरकतो आणि त्वचेजवळचा रक्तप्रवाह दबतो, म्हणून आकडा खाली राहतो. मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, हलणार नाही पण रुतणारही नाही असा पट्टा बांधावा, थंडीत आधी हात गरम होऊ द्यावेत आणि त्या जागी गोंदण असेल तर घड्याळ दुसऱ्या हाताला बांधावे. नेमके आकडे हवेच असतील, तर हृदयातले विद्युत संकेत टिपणारा छातीवरचा पट्टा अधिक भरवशाचा. तो नसेल तर थांबून बोटांनी मोजावे. घड्याळ आणि बोटे यांत तफावत आल्यास बोटांचे खरे मानावे.

कॅलरींच्या आकड्यावर विसंबू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे तपासली. त्यांतील सहा उपकरणांच्या हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती, परंतु ऊर्जेच्या मोजमापात सर्वांत अचूक ठरलेले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले होते.

प्रश्न : माझी सकाळची नाडी एरवी ६२ असते. चार दिवसांपासून ती ७० च्या खाली येत नाही. व्यायाम बंद करू की वाढवू?

उत्तर : वाढवू तर नकाच. अपुरी झोप, येऊ घातलेला ताप, पाणी कमी पडणे, उकाडा, मनावरचा ताण किंवा आदल्या दिवशीचा अतिव्यायाम, यांपैकी एखादे कारण बहुधा सापडेल. स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या उत्तरार्धात नाडी काही ठोक्यांनी वाढते, ते स्वाभाविक आहे. दोन-तीन दिवस हलके चालणे एवढेच ठेवावे. अंगात कणकण असेल तर तेही नको. आठवडा उलटूनही कारणाशिवाय आकडा चढाच राहिला, नाडी अनियमित लागली किंवा विश्रांतीतही १०० च्या वर राहू लागली, तर तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय आणि थायरॉइडची अतिक्रियता हे दोन्ही विकार अशा प्रकारे प्रथम लक्षात येऊ शकतात.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी त्यांना बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू आहे. फोनमधले अ‍ॅप त्यांना १२० पर्यंत नाडी न्यायला सांगते, पण कितीही जोरात चालले तरी ती १०० च्या पुढे जात नाही, आणि मग ते आणखी जोर लावतात. काय करावे?

उत्तर : त्यांना आजपासूनच तसे करण्यापासून थांबवावे. या गटातील औषध हृदयाला वेग घ्यायला लावणाऱ्या संप्रेरकांचा परिणाम रोखते, म्हणून विश्रांतीची आणि परिश्रमाची अशी दोन्ही वेळची नाडी खाली राहते. वयावर आधारलेली सर्व सूत्रे येथे निकामी ठरतात, आणि अ‍ॅपला गोळीची माहिती नसते. १२० गाठण्याच्या प्रयत्नात वडील त्यांच्या शरीराला झेपेल त्याहून कितीतरी अधिक श्रम करत असतील.

त्यांच्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रममापनाची श्रेणी योग्य आहे. तीत ६ म्हणजे कसलेही श्रम नाहीत आणि २० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. व्यायाम चालू असतानाच वडिलांना विचारावे की, सगळे धरून आत्ता किती कष्ट वाटतात? उत्तर ११ ते १३, म्हणजे ‘हलके’ ते ‘काहीसे कष्टाचे’ या दरम्यान असावे. शेजारी चालणाऱ्याशी त्यांना अडखळल्याशिवाय बोलता आले पाहिजे. सुरुवातीची आणि शेवटची पाच-सात मिनिटे संथ चालीची ठेवावीत, कारण या गोळीवर असलेल्या माणसाला एकदम थांबल्यावर किंवा झटकन उठल्यावर भोवळ येऊ शकते. वजन उचलताना किंवा भिंतीला रेटा देताना त्यांनी श्वास रोखून धरू नये. त्या क्षणी रक्तदाब झपाट्याने वर जातो.

प्रगती मोजायची तर त्यांच्यापुरतीही मोजता येते. तेच अंतर, तोच वेळ, आणि पूर्वी १४ वाटणारे श्रम आता १२ वाटतात, ही नोंद पुरेशी बोलकी आहे. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलल्यास जुने आकडे बाजूला ठेवून नव्याने नोंद सुरू करावी. नाडी वाढावी म्हणून गोळी स्वतःहून कमी करण्याचा किंवा चुकवण्याचा विचार त्यांच्या मनात येत असेल, तर त्यांना स्पष्ट सांगावे की, हे औषध अचानक बंद केल्यास रक्तदाब आणि हृदयगती उसळून गंभीर प्रसंग ओढवू शकतो. पुढच्या भेटीत त्यांच्या डॉक्टरांना ही वही दाखवावी, आणि गोळी चालू ठेवूनच ट्रेडमिलवरची ताणचाचणी करता येईल का, हे विचारावे. नाडीची एखादी मर्यादा वडिलांना घालून द्यायचीच असेल, तर ती त्या चाचणीवरून डॉक्टरांनीच ठरवून द्यावी.